जंताचं औषध पाजूनही बकरी पुन्हा वाळते, तेव्हा काय तपासायचं

श्रावणात कानबाईचे रोट झाले की आठवडाभरात माझा फोन वाजायला लागतो. मी साक्री तालुक्यात पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांच्या आजारपणात पहिली मदत करणारी बाई म्हणून फिरते, घरी स्वतःच्या चौदा बकऱ्या आहेत. फोन ओळखीच्यांचेच असतात आणि वाक्यही दरवर्षीचंच असतं: "ताई, बकरी खास, पन आंगले लागत नही" (बकरी खाते, पण अंगाला लागत नाही). मी काही विचारायच्या आत पुढचं येतं, "जंताचं औषध तर गेल्या महिन्यातच पाजलं."

जंत झाले तर औषध पाजायचं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पाजूनही तीन-चार आठवड्यांत बकरी पुन्हा तशीच का दिसते, हे शोधायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्यात माझ्या स्वतःच्या दोन पाठी, म्हणजे तरण्या बकऱ्या, गेल्या. ज्या क्रमाने मी आता तपासते त्याच क्रमाने लिहिते. आधी फुकटातलं, मग खर्चाचं.

काय दिसतं

बकरी चरते, रवंथ करते, तरी पाठीचा कणा हाताला लागतो. केस राठ होऊन उभे राहतात, अंगावरची चकाकी जाते. कळप घरी येताना ती सगळ्यात मागे असते आणि मधे थांबून धापा टाकते. दूध आटतं, करडू सारखं आचळाला ढुसण्या देतं. मग एक दिवस जबड्याखाली पाण्याने भरल्यासारखी मऊ सूज दिसते. ही सूज संध्याकाळी चरून आल्यावर जास्त असते, कारण दिवसभर मान खाली असते. सकाळी ती ओसरते. म्हणून सकाळी बघणारे म्हणतात, "काल होती, आज बरी झाली." बरी झालेली नसते.

यात हगवण मी मुद्दाम लिहिली नाही. आपल्याकडे बकऱ्या मारणारा जो मुख्य जंत आहे, त्यात लेंडी बऱ्याचदा अगदी घट्ट, गोल, चांगली पडते. "लेंडी चांगली आहे म्हणजे जंत नाहीत" या समजुतीने जितक्या बकऱ्या गेल्या तितक्या हगवणीने गेल्या नसतील.

हा जंत चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. डॉक्टर त्याला हिमोंकस म्हणतात. मेलेली बकरी उघडताना मी तो पाहिला आहे: दोन-तीन सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा बारीक, लाल-पांढऱ्या पिळाचा. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त संपवतो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असले तर रोजचं 50 मिली झालं, आणि 25 किलोच्या बकरीच्या अंगात रक्त असतं जेमतेम पावणेदोन लिटर. महिनाभरात काय होईल ते कागदावर मांडून बघा. जबड्याखालची सूजही त्यातूनच येते. रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी नसांतून बाहेर झिरपतं.

पहिली तपासणी: डोळ्याची पापणी

याला एक पैसा लागत नाही. बकरीला उजेडात आणा, गोठ्याच्या अंधारात नको. एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकी दाबा, दुसऱ्याने खालची पापणी ओढा. आतला ओला पडदा बाहेर येतो, त्याचा रंग बघायचा. लगेच बघून सोडायचं, कारण धरून ठेवलं की तिथं रक्त उतरतं आणि रंग खोटा दिसतो. दोन्ही डोळे बघा, आणि जो फिका दिसेल तो खरा धरा.

दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी ही पद्धत बसवली गेली, तिला फामाचा म्हणतात. पाच रंगांचं कार्ड असतं. 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे कागदासारखा पांढरा. बकऱ्यांनाही ती लागू पडते. कार्ड डॉक्टरांकडे असतं. मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळवू नका, प्रत्येक स्क्रीन वेगळा लाल दाखवते. कार्ड नसेल तर कळपातली सगळ्यात ठणठणीत बकरी आधी बघा आणि तिच्याशी बाकीच्या ताडून बघा.

1 आणि 2 ला औषध नको. 4 आणि 5 ला हवंच. 3 वर घोटाळा होतो. गाभण, दूध देणारी किंवा लहान करडू असेल तर 3 लाही मी औषध धरते. धडधाकट बोकड असेल तर सोडून देते आणि पंधरा दिवसांनी परत बघते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सगळ्यांचे डोळे बघायचे, उन्हाळ्यात महिन्याने चालतं.

पापणी फिकी असण्याला जंत हे एकच कारण नाही. त्याच वेळी केस उलटे फिरवून उवा बघा, कानात आणि मांड्यांच्या बेचक्यात गोचीड बघा. तेही रक्तच पितात, आणि पोटात पाजलेल्या जंताच्या औषधाला बहुतेक वेळा दाद देत नाहीत. पिंपळनेरकडच्या एका आजींची बकरी तीन वेळा औषध पाजून पांढरीच होती. कान उलटा केला तर आत गोचिडांची रांग.

आणि उलटही होतं: बकरी वाळलेली, पण पापणी लाल. मग हिमोंकस नाही. दात झिजलेले आहेत का, चारा पुरतोय का, दुसरा कुठला आजार आहे का, हे बघायला लागतं. औषधाची बाटली तिथंच ठेवून द्या.

लेंडीत तांदूळ दिसले तर

घाबरून फोन येतात. लेंडीत शिजल्या तांदळासारखे तुकडे दिसतात ते पट्टकृमीचे. डोळ्याला दिसतात म्हणून लोकांना तेच मोठे शत्रू वाटतात. करडांना त्रास होतो, औषध विचारून द्यावं. पण मोठ्या बकरीच्या लेंडीत तांदूळ दिसले आणि पापणी लाल असली, तर मी शांत बसते. बकरी मारतो तो न दिसणारा.

बाटली, वजन आणि माझी चूक

पापणी फिकी, उवा-गोचीड नाहीत आणि औषध महिन्याभरापूर्वीच दिलेलं. आता बाटली हातात घ्या.

एका वर्षी मी अल्बेंडाझोल हे नेहमीचं जंताचं औषध आणायला गेले. दुकानात नेहमीची बाटली नव्हती, दुसरी दिली. माझ्या डोक्यात माप बसलेलं होतं मोठ्या बकरीला 3 मिली, तेच दिलं. तीन आठवड्यांनी सगळा कळप परत फिका. बाटली नीट वाचली तेव्हा कळलं की आधीची 10 टक्क्यांची होती आणि ही 2.5 टक्क्यांची. म्हणजे आधीच्या एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध होतं, हिच्यात 25. मी चौथा हिस्साच पाजला होता. दोष दुकानदाराचा नाही, वाचलं मी नाही.

तेव्हापासून मी मिली लक्षात ठेवत नाही, मिलिग्रॅम ठेवते. डॉक्टरांनी किलोला 10 मिलिग्रॅम सांगितलं आणि बकरी 28 किलोची असेल, तर 280 मिलिग्रॅम लागतील. 10 टक्क्यांच्या बाटलीतून ते 2.8 मिली होतात, 2.5 टक्क्यांच्या बाटलीतून 11.2 मिली.

आता ते 28 किलो कुठून आले? अंदाजाने म्हणाल तर नव्वद टक्के लोक कमीच सांगतात, मीसुद्धा. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, इंचात. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 27 आणि लांबी 25 असेल तर येतात 27.6 किलो. काट्याइतकं अचूक नाही, पण नजरेपेक्षा कितीतरी बरं. पोट फुगलेल्या गाभण बकरीतही छातीचा घेर फारसा फसवत नाही.

कमी औषधाचं नुकसान दुहेरी असतं. बकरी बरी होत नाही हे एक. दुसरं असं, की औषधाला लगेच बळी पडणारे कच्चे जंत मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढच्या खेपेला अंडी त्यांचीच. असं चार-पाच वेळा झालं की पूर्ण मात्रा दिली तरी त्या कळपावर ते औषध चालत नाही.

यातच आणखी एक गोष्ट. बऱ्याच बाटल्यांवर मेंढीचं माप लिहिलेलं असतं आणि बकरीला तेच दिलं जातं. बकरीचं शरीर बरीचशी औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिला अनेक औषधं जास्त मात्रेत लागतात. पण "जास्त लागतं" म्हणून मनाने वाढवू नका. लेव्हामिसोल आणि क्लोझँटेल या औषधांत योग्य आणि घातक मात्रेतलं अंतर कमी आहे, क्लोझँटेल जास्त झालं तर जनावर आंधळं होऊ शकतं. मात्रा डॉक्टरच सांगतील. आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात द्यायचं नाही, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. बोकड कळपातच मोकळा असेल तर कोण कधी फळली हे तुम्हालाही ठाऊक नसतं, तेव्हा आधी विचारा.

पाजायच्या आधी बाटली खूप हलवा, पांढरं औषध तळाशी बसलेलं असतं. पाजताना बकरीचं तोंड आभाळाकडे करू नका. मान सरळ, सिरिंज गालातून जिभेच्या मागच्या भागावर, आणि हळू. घाईने ओतलं तर ते श्वासनळीत जातं, आणि जंताची बकरी न्यूमोनियाने मरते.

औषध बरोबर, मग पाण्याची टाकी बघा

वजन बरोबर, मात्रा बरोबर, तरी तीन-चार आठवड्यांनी परत. इथं बहुतेक लोक औषध बदलतात. मी त्यांना म्हणते, आधी टाकीजवळ चला.

जंताची मादी दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात त्यातून अळी तयार होते. पानावर दहिवर किंवा पावसाचं पाणी असलं की ती त्या ओलीतून वर चढते, बकरी ते गवत खाते, आणि साधारण तीन आठवड्यांत पोटात पुन्हा अंडी घालणारा जंत. तुमचे "तीन-चार आठवडे" इथून येतात. औषध पोटातल्याला मारतं, गवतावरच्याला नाही.

आता आपल्या खान्देशाचं बघा. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. उघड्या माळावर अळी टिकत नाही, भाजून निघते. मग पुढच्या पावसापर्यंत हा जंत राहतो कुठे? एक तर बकरीच्या पोटात. दुसरं, जिथं बारा महिने ओल असते तिथं: गळक्या टाकीखालचं हिरवंगार गवत, बोअरच्या पाटाची कड, केळीच्या बागेचा ओला बांध. भर उन्हाळ्यात बकरी त्याच हिरव्याकडे धावते, कारण बाकी सगळीकडे धूळ आहे. मी पाहिलेल्या घरांपैकी अर्ध्या ठिकाणी दोष त्या चार हात गवतात होता. कॉक बदलायला शंभर-दीडशे रुपये. तेही नको असतील तर टाकीभोवती मुरूम टाका आणि तिथलं गवत कापून काढा.

चारा जमिनीवर टाकणं थांबवा. गव्हाण नसेल तर पालेदार फांद्या दावणीवर उंच टांगा. बकरी मुळात मान वर करून खाणारी आहे, बोर, बाभूळ, हिवर, सुबाभूळ. अळी जमिनीपासून चार बोटांच्या आतच जास्त असते, त्यामुळे झुडपं खाणारी बकरी आपोआप वाचते. तिला आपण बांधावर खुंट्याला दोरीने बांधतो आणि बोटभर उरलेलं गवत कुरतडायला लावतो, तिथं ती सापडते. एकाच खुंट्याला आठ-दहा दिवस बांधलेली बकरी स्वतःच्याच लेंडीतले जंत परत खाते.

सकाळी दहिवर वाळल्यावर सोडा, नऊ-साडेनऊला. मजुरीला जाणाऱ्या बायांना हे जमत नाही, मला माहीत आहे. तेव्हा निदान सकाळच्या वेळी गवताऐवजी काटेरी झुडपांकडे न्या. लेंडीखत गोठ्याच्या दारात साठवू नका, लांब उकिरड्यात दाबा. आणि ढेप. सरकीची ढेप आपल्याकडे सहज मिळते. गाभण आणि दुभत्या बकरीला रोज मूठभर मिळाली तर गेलेलं रक्त भरून यायला प्रथिन मिळतं. विण्याच्या आगेमागे बकरीची ताकद उतरते आणि अंडी एकदम वाढतात, तेव्हा ढेपेला कंजूषी नको.

आखाजीला सगळ्यांना पाजायचं का

हा वादाचा मुद्दा आहे. पुष्कळ ठिकाणी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पावसाआधी सगळ्या कळपाला एकदम औषध पाजतात. मी आता पाजत नाही. कारण वर लिहिलं तेच: मे महिन्यात माळावर अळ्या नाहीत, जवळजवळ सगळे जंत पोटात. त्या वेळी सगळ्यांना पाजलं तर जे वाचतात ते फक्त चिवट, आणि पावसाळ्यात सगळं रान त्यांच्याच पिलावळीने भरतं. म्हणून ज्यांची पापणी लाल आणि अंग भरलेलं आहे अशा चार-पाच बकऱ्या मी तशाच सोडते. त्यांच्या पोटातले कच्चे जंत अंडी घालत राहतात आणि चिवटांचं एकट्याचं राज्य होत नाही. शेजारच्या आप्पांना हे अजून पटलेलं नाही. "रोग मुद्दाम ठेवायचा का?" असं ते दरवर्षी विचारतात. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, तेवढी शोधून त्यांना पूर्ण मात्रा द्या, असं मी दरवर्षी सांगते.

बाजारातून आणलेली बकरी मात्र वेगळी. ती दुसऱ्याच्या गोठ्यातले चिवट जंत घेऊन येते. पंधरा दिवस वेगळी बांधा, डॉक्टरांना विचारून औषध द्या, आणि लेंडी तपासल्यावरच कळपात सोडा.

लेंडी तपासणी

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर औषधच चालत नाही अशी शंका घ्यायची. ती डोळ्याने ठरत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. औषध द्यायच्या दिवशी एकदा आणि 10 ते 14 दिवसांनी परत, त्याच बकऱ्यांची लेंडी द्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर औषध थकलंय.

नमुना कसा न्यायचा हे महत्त्वाचं. जमिनीवरची उचलू नका, ताजी पडताना झेला किंवा सरळ गुदद्वारातून घ्या. आठ-दहा लेंड्या छोट्या पिशवीत, हवा काढून गाठ मारून, वर बकरीची खूण. थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. आपल्या उन्हात अंडी एका दिवसात फुटतात, आणि मग अहवाल येतो "काही नाही".

औषध बदलायचं ठरलं तर कंपनी बदलून उपयोग नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही सख्खी भावंडं आहेत. एक चालत नसेल तर दुसरंही बहुधा चालणार नाही. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, क्लोझँटेल ही वेगवेगळ्या घराण्यातली. कुठलं आणि किती, ते डॉक्टर ठरवतील.

नवापूरकडे भाताच्या खाचरांजवळ किंवा धरणाच्या कडेला चरणारं जनावर असेल तर आणखी एक शक्यता. जबड्याखाली तशीच सूज येते, पण कारण यकृतातला पानासारखा चपटा कृमी असतो. तो पाण्यातल्या गोगलगायीतून येतो. अशा वेळी गोल जंतांवरची बरीच औषधं वाया जातात, ऑक्सिक्लोझानाइडसारखं वेगळं लागतं. जनावर कुठल्या पाण्यावर जातं हे डॉक्टरांना आधी सांगा.

पळसपापडी, कडुनिंबाचा पाला, बाभळीच्या शेंगा देतात. माझी मायही देते, मी नाही म्हणत नाही. पण पापणी पांढरी पडल्यावर त्यांच्या भरवशावर राहू नका. मोरचूद मात्र अजिबात नको, मेंढ्या तर त्याने मरतात.

हात कुठे थांबवायचा

पापणी कागदासारखी पांढरी असेल, बकरी बसली ती उठत नसेल, किंवा चार पावलांत धाप लागत असेल तर तिला गाडीत घालून दवाखान्यात नेऊ नका. एवढं कमी रक्त असताना पळापळीनेच जीव जातो. सावलीत ठेवा, चारा-पाणी तोंडाशी आणा आणि 1962 वर फोन करा, फिरता दवाखाना येतो.

दोन-तीन महिन्यांच्या करडाला रक्ताची हगवण असेल तर ते बहुधा जंत नाहीत, कॉक्सिडिया आहे, आतड्यातला डोळ्याला न दिसणारा वेगळा परजीवी. जंताच्या औषधाने त्याला काही होत नाही, वेळ मात्र जातो. नाकातोंडातून स्राव, तोंडात फोड, ताप आणि एकाच वेळी अनेक बकऱ्या आजारी असतील तर पीपीआर हा बकऱ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग असू शकतो. तेव्हा कळप कुठेही हलवू नका, लगेच कळवा. कालपर्यंत धडधाकट असलेली बकरी अचानक मेली तर तिला पुरायच्या आधी डॉक्टरांना उघडून बघू द्या. त्या एका बकरीवरून बाकीच्या तेरा वाचतात. आणि इंजेक्शन आम्ही पशुसख्या देत नाही, आग्रह करू नका.

औषध दिल्यावर किती दिवस दूध घ्यायचं नाही आणि बोकड किती दिवस कापायचा नाही, हे त्याच 1962 च्या फोनवर विचारून घ्या. फोन करताना पापणीचा रंग, बकरीचा घेर आणि लांबी, गाभण आहे का, आणि शेवटचं औषध कोणत्या तारखेला किती दिलं, एवढं तयार ठेवा. रिकामी बाटली फेकू नका, डॉक्टर आल्यावर पहिल्यांदा तीच मागतात.